धावपट्टीच्या टोकाशी रुईचा ट्रक

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब श्रीचिंतामणीच्या मंदिरासाठी सर्वदूर ओळखले जाते. व्यापारी घराण्यांच्या लेखी मात्र ते कापसाच्या मुलखातील एक गावही आहे. दिवाळीच्या आगेमागे पहिल्या वेचणीचा कापूस बाजारात येतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुई प्रेसमध्ये दाबली जाते आणि तिच्या गाठी बांधल्या जातात. एका गाठीचे प्रमाण वजन १७० किलो धरतात. अशा साठ गाठी ट्रकमध्ये रचल्या की दहा टनांहून अधिक भार होतो, आणि ताडपत्रीने झाकलेला तो ढिगारा जमिनीपासून बारा-तेरा फुटांपर्यंत उंच दिसतो. उन्हाळा लागेपर्यंत विदर्भ-मराठवाड्याच्या रस्त्यांवर हे दृश्य इतके नित्याचे असते की त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

अशाच दाबलेल्या गाठींनी भरलेला एक ट्रक २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळाजवळ बीड रस्त्यावरून चालला होता. त्याच वेळी धावपट्टीवरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ जातीचे विमान उड्डाणासाठी धावत होते. काही क्षणांत त्या दोघांची गाठ पडली आणि ५५ माणसांचे प्राण गेले. एवढे मोठे विमान ट्रकवर आदळावे, ही गोष्ट आजही ऐकणाऱ्याला अविश्वसनीय वाटते. चौकशीने त्याची जी कारणे सांगितली ती मात्र अगदी साधी, रोजच्या व्यवहारातील आहेत. म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही ती समजून घेण्यासारखी आहेत.

त्या दुपारी काय घडले

उड्डाण क्रमांक ४९१ हे दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर व औरंगाबाद असे थांबे घेत मुंबईला पोहोचणारे विमान होते. औरंगाबादहून निघताना त्यात ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी, असे एकूण ११८ जण होते. वेरूळ-अजिंठ्याला येणारे पर्यटक, उद्योग-व्यवसायाच्या कामाने मुंबईला जाणारे लोक आणि आपल्या घरी परतणारी कुटुंबे अशा सर्वांचा हा नेहमीचा मार्ग होता. कचनेरच्या दर्शनाला किंवा वेरूळच्या जैन लेण्यांना जाणाऱ्या अनेक घरांनाही हे विमानतळ परिचित होते.

दुपारी एकच्या सुमारास विमानाने पूर्वेकडे तोंड करून धावायला सुरुवात केली. धावपट्टी जवळजवळ संपत आली तेव्हा कुठे त्याची चाके जमिनीवरून सुटली. धावपट्टीच्या टोकापलीकडे बीड रस्ता आडवा जात होता आणि नेमक्या त्याच क्षणी रुईच्या गाठींचा ट्रक समोर होता. विमानाच्या डाव्या बाजूची मुख्य चाके, डाव्या इंजिनाचे खालचे आवरण आणि त्यालगतचा भाग ट्रकच्या डाव्या बाजूवर रस्त्यापासून सुमारे सात फूट उंचीवर आदळला. विमान लगेच कोसळले नाही. जखमी अवस्थेत ते पुढे गेले, धावपट्टीपासून ईशान्येला सुमारे तीन किलोमीटरवर उच्चदाबाच्या वीजतारांना धडकले आणि जमिनीवर पडले. ११८ जणांपैकी ५५ जण दगावले आणि ६३ जण वाचले.

दुर्घटनेनंतर माणसाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो योगायोगाचा. ट्रक दोन क्षण मागे असता तर? विमान दोन हात वर असते तर? दुःखात असे प्रश्न स्वाभाविक आहेत. परंतु योगायोग म्हणून हात जोडले की पुढचा विचार थांबतो. चौकशीने तो विचार पुढे नेला.

पस्तीस फुटांची शिल्लक

विमान उडते म्हणजे काय होते, हे थोडक्यात पाहिले तर चौकशीचे निष्कर्ष सहज उलगडतात. प्रत्येक उड्डाणापूर्वी वैमानिक त्या दिवसाचे तापमान, वारा, विमानाचे वजन आणि धावपट्टीची लांबी यांवरून काही वेग ठरवतात. पहिला वेग निर्णयाचा असतो. तो गाठेपर्यंत काही बिघडले तर विमान थांबवता येते, तो ओलांडला की उड्डाण पूर्ण करावेच लागते. दुसरा वेग विमानाचे नाक उचलण्याचा. तो येताच वैमानिक सुकाणू हळुवारपणे मागे ओढतो आणि विमान सेकंदाला साधारणतः तीन अंश या गतीने नाक वर करते. पंखांवर पुरेसा उचल-दाब निर्माण होतो आणि चाके जमीन सोडतात.

या सर्व हिशेबात हवेचा मोठा वाटा असतो. उन्हाने तापलेली हवा विरळ होते, उंचावरची हवाही विरळ असते. चिकलठाण्याचे विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंचीवर आहे. एप्रिलच्या दुपारी तापमान ४० अंश धरले, तर तेथील हवा समुद्रकाठच्या १५ अंशांच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे चौदा टक्क्यांनी विरळ भरते. विरळ हवेत इंजिनांचा जोर कमी पडतो आणि पंखांना तेवढाच भार उचलण्यासाठी अधिक वेगाने धावावे लागते. म्हणून त्याच वजनाचे विमान हिवाळ्यातील सकाळी लवकर उडते आणि उन्हाळ्यातील दुपारी उशिरा. वैमानिकांच्या तक्त्यांत हा फरक आधीच मांडलेला असतो. उष्णता हे गणितातील एक पद आहे, अकस्मात आलेले संकट नव्हे.

प्रवासी विमानांच्या नियमांत त्याहून महत्त्वाची अट आहे. निर्णयाच्या वेगानंतर एक इंजिन बंद पडले तरी उड्डाणासाठी हिशेबात धरलेले अंतर संपते तेथे विमान जमिनीपासून किमान ३५ फूट वर असले पाहिजे, असा हिशेब करूनच वजन ठरवले जाते. दोन्ही इंजिने चालू असतील तर विमान साहजिकच त्याहून वर असते. व्यापारात मालाची घट, दरातील उतार आणि उधारीची बुडीत धरून माणूस थोडी शिल्लक बाजूला ठेवतो. विमानशास्त्राने ठेवलेली ही तशीच शिल्लक आहे. ३५ फुटांवरून गेलेल्या विमानाला गाठींनी भरलेला बारा-तेरा फुटी ट्रक आडवा येऊ शकत नाही. चिकलठाण्याला टक्कर झाली ती सात फुटांवर. म्हणजे ट्रक आडवा येण्याआधीच ती शिल्लक खर्च होऊन गेली होती.

चौकशीची दोन बोटे

चौकशीने अपघाताची संभाव्य कारणे दोन सांगितली. पहिले कारण वैमानिकांचे. विमानाचे नाक उचलण्यास त्यांनी उशीर केला आणि ते उचलण्याची पद्धतही चुकीची होती. दुसरे कारण राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाचे. विमानांच्या वेळात बीड रस्त्यावरील वाहनांचे नियमन करण्यात ते अपयशी ठरले.

पहिल्या कारणाचा अर्थ आकड्यांत पाहिला की त्याचे गांभीर्य कळते. विमान ताशी २५० किलोमीटर वेगाने धावत आहे असे धरले, तर एका सेकंदात ते सुमारे सत्तर मीटर पुढे जाते. नाक उचलायला दोन सेकंद उशीर झाला की धावपट्टीचा जवळजवळ दीडशे मीटरचा तुकडा निष्कारण संपतो. नाक फार सावकाश उचलले, तर त्यातही असेच मीटर सरतात. वैमानिकाच्या आसनावरून हा उशीर कदाचित जाणवतही नसेल, पण धावपट्टीच्या टोकाशी तो फुटाफुटाने वसूल होतो.

दुसऱ्या कारणाकडे लोकांचे लक्ष कमी जाते, पण सामान्य माणसाच्या दृष्टीने तेच अधिक बोलके आहे. साधारण पंचेचाळीस मीटर रुंदीच्या धावपट्टीसमोरून ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक सुमारे चार सेकंदांत पार होतो. चार सेकंदांच्या या खिडकीत विमान आणि ट्रक एकत्र येणे ही एखाद्या दिवसापुरती अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे. परंतु रस्त्यावरून दिवसभर ट्रक जात असतील, विमानेही रोज उडत असतील आणि दोघांमध्ये फाटक किंवा पहारा नसेल, तर त्या दुर्मीळ गोष्टीला दररोज नवी संधी मिळते. महिन्यामागून महिने, वर्षामागून वर्षे काहीच घडत नाही. काही घडत नाही म्हणून सर्व ठीक आहे असा समज दृढ होतो. आणि एका दुपारी दोन्हीकडच्या चुका एकाच चार सेकंदांत येऊन मिळतात. त्याला योगायोग म्हणणे सोपे आहे. वस्तुतः तो रोज थोडाथोडा साठत गेलेला प्रमाद असतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. चौकशीने दिलेल्या कारणांत ट्रकचालकाचे नाव नाही, गाठी पाठवणाऱ्याचेही नाही. कोणतेही फाटक बंद नसलेल्या सार्वजनिक रस्त्यावरून एक मालवाहू गाडी जात होती, एवढेच तिच्या बाजूने घडले. गाठी कोणाच्या होत्या आणि कोठे चालल्या होत्या, याचा अपघाताच्या कारणांशी संबंध पोहोचत नाही. मोठ्या दुर्घटनेनंतर समोर दिसणाऱ्या लहान माणसावर बोट ठेवण्याची प्रवृत्ती जुनी आहे. या चौकशीने ती टाळली आणि बोट ठेवले ते ज्यांच्या हाती निर्णय होता त्यांच्यावर.

फाटक कोणी लावायचे

रेल्वे आणि रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, तेथे हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला गेला. फाटक रस्त्याला लागते, गाडीला नाही. कारण रुळांवरची गाडी क्षणात थांबू शकत नाही. जेथे फाटकावर माणूस नाही, तेथे मोटार वाहन कायद्याचे १३१ वे कलम वाहनचालकाला थांबण्यास सांगते. वाहक, मदतनीस किंवा सोबतच्या कोणी रुळांपर्यंत चालत जाऊन दोन्ही बाजूंनी पाहावे, कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरावे, असे ते कलम सांगते. वर्धा ते कळंब रेल्वेमार्गाचे उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले, तेव्हापासून कळंबच्या परिसराला हा विषय पुस्तकी राहिलेला नाही.

धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या रस्त्याची अडचण त्याहून मोठी आहे. रुळांजवळ आलेल्या चालकाला निदान रूळ दिसतात. धावपट्टीच्या बाजूने जाणाऱ्याला दिसते ते कुंपण आणि मोकळे माळरान. विमान कोणत्या क्षणी सुटणार आहे, हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो. ते ज्याला ठाऊक असते, म्हणजे विमानतळाच्या यंत्रणेला, तिनेच फाटक लावले पाहिजे. जिब्राल्टरचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तेथील मुख्य रस्ता अनेक दशके चक्क धावपट्टीलाच छेदून जात असे. प्रत्येक विमानाच्या वेळी दोन्ही बाजूंची फाटके पडत, वाहने आणि पादचारी थांबत, विमान गेले की रस्ता पुन्हा सुरू होई. २०२३ मध्ये वाहनांसाठी बोगदा खुला झाला आणि वाहतूक जमिनीखाली गेली. जागेची अडचण बीड रस्त्यापेक्षा तेथे अधिक होती, पण जबाबदारी कोणाची याबद्दल संदिग्धता नव्हती.

आता आंतरराष्ट्रीय मानकांनुसार मोठ्या धावपट्टीच्या टोकापुढे साठ मीटरची पट्टी आणि तिच्यापुढे आणखी किमान नव्वद मीटरचे सुरक्षा क्षेत्र मोकळे ठेवावे लागते. ते २४० मीटर असावे अशी शिफारस आहे. भारतात १ एप्रिल १९९५ रोजी राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय विमानतळांची दोन प्राधिकरणे एकत्र होऊन भारतीय विमानतळ प्राधिकरण अस्तित्वात आले. विमान अपघातांच्या तपासासाठी २०१२ मध्ये स्वतंत्र विभाग स्थापन झाला. विमानतळांच्या आसपास इमारतींच्या उंचीवर कायद्याने बंधने आहेत. शहरे वाढत आहेत, विमानतळांच्या कुंपणाला लागून वस्ती, गोदामे आणि रस्ते येत आहेत. ती बंधने जाचक वाटणाऱ्या प्रत्येकाने सात फूट आणि पस्तीस फूट यांतील फरक आठवावा.

पहिल्या मिनिटाचा इतिहास

विमानप्रवासात उड्डाणानंतरचा पहिला मिनिट सर्वांत नाजूक का, हेही समजून घेण्यासारखे आहे. आकाशात तीस हजार फुटांवर काही बिघडले तर विचार करायला वेळ असतो, उतरत उतरत जवळचे विमानतळ गाठता येते. उड्डाणानंतर लगेच विमान जड असते, वेग नुकताच पुरेसा झालेला असतो आणि खाली उंचीची शिल्लक नसते. महाराष्ट्राने आणि शेजारच्या गुजरातने त्याची किंमत वेगवेगळ्या कारणांनी मोजली आहे.

कळंबच्या मंडळींना सर्वांत जवळचे मोठे विमानतळ नागपूरचे. १९४९ पासून तेथे मध्यरात्री एक आगळा मेळा भरत असे. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली टपालाची विमाने नागपूरला एकत्र येत, पत्रांच्या थैल्या व प्रवासी यांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या दिशेला परतत. संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दूरच्या महानगरात पोहोचणे हे त्या काळी पेढ्यांच्या दृष्टीने मोठेच नवल होते. १२ डिसेंबर १९५३ रोजी याच सेवेतील एक डाकोटा विमान नागपूरहून उडताच एका इंजिनाचा जोर गेला आणि ते कोसळले. विमानातील १४ पैकी १३ जण मृत्युमुखी पडले. कामगार नेते व खासदार हरिहरनाथ शास्त्री त्यांत होते. वैमानिक तेवढा वाचला.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जम्बो विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात पडले. त्यातील २१३ जणांपैकी एकही वाचला नाही. विमान कोणत्या बाजूला किती झुकले आहे हे दाखवणारे मुख्य वैमानिकासमोरचे उपकरण बिघडले होते. ते उजवीकडे झुकाव दाखवत राहिले, वैमानिक डावीकडे वळवत राहिला आणि खाली अंधारा समुद्र असल्याने खरे क्षितिज डोळ्यांना दिसत नव्हते. इतर उपकरणे खरी स्थिती सांगत होती, पण ती ताडून पाहण्याइतका अवधी मिळाला नाही. एकाच वहीवर विसंबून दुसरी न पाहणाऱ्या पेढीचे जे होते, तेच तेथे घडले.

आणि अहमदाबादची जखम तर अजून ओली आहे. १२ जून २०२५ रोजी लंडनला निघालेले एअर इंडियाचे ड्रीमलायनर विमान जमीन सोडल्यानंतर अवघ्या अर्ध्या मिनिटात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृह-परिसरावर कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरील १९ जण, असे २६० जीव गेले. व्यापाराने, विवाहसंबंधाने अहमदाबादशी जोडलेल्या कित्येक घरांना त्या दिवशी दूरध्वनीपासून हलता आले नाही. जुलै २०२५ मध्ये आलेल्या प्राथमिक अहवालानुसार उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा नियंत्रित करणारी बटणे, एका सेकंदाच्या अंतराने, बंद स्थितीत गेली. एका वैमानिकाने दुसऱ्याला त्याबद्दल विचारले, दुसऱ्याने आपण तसे केले नसल्याचे सांगितले. बटणे पुन्हा पूर्ववत केली गेली, पण इंजिनांना जोर धरण्याइतकी उंची उरली नव्हती. ती बटणे का हलली हे त्या अहवालाने ठरवलेले नाही. अशा वेळी दूरध्वनीवर फिरणारे तर्क पुढे पाठवणे म्हणजे आपली बाजू मांडायला आता हयात नसलेल्या माणसांवर निकाल देणे होय.

नागपूर, मुंबई, औरंगाबाद आणि अहमदाबाद, चारही ठिकाणी कारणे वेगळी आहेत. समान गोष्ट एकच, चूक किंवा बिघाड सावरण्यासाठी जी शिल्लक हाताशी असायला हवी ती त्या पहिल्या मिनिटात फार थोडी असते. म्हणून ती उड्डाणापूर्वीच जपावी लागते, कागदावर, कार्यशाळेत, प्रशिक्षणात आणि धावपट्टीच्या टोकाशीही.

वाचलेल्या त्रेसष्टांचा अर्थ

विमान पडले म्हणजे सर्व संपले, असा एक सरसकट समज आहे. चिकलठाण्याच्या अपघातात ११८ पैकी ६३ जण वाचले, ही बाब त्या समजाला छेद देते. विमान कोणत्या कोनात पडते, कोणता भाग तुटतो आणि आग कोठे लागते यावर पुष्कळ अवलंबून असते, आणि ते प्रवाशाच्या हाती नसते. परंतु पडल्यानंतरची पहिली दीड-दोन मिनिटे काही अंशी त्याच्या हाती असतात. प्रवासी विमानांच्या मान्यतेसाठीची अटच अशी आहे की निम्मे दरवाजे बंद असले तरी भरलेले विमान नव्वद सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे.

या नव्वद सेकंदांसाठी घरातील प्रत्येकाने काही सवयी लावून घ्याव्यात. आसनावर बसताच पुढचे व मागचे आपत्कालीन दार किती रांगांवर आहे ते मोजावे, म्हणजे धुरात हाताने चाचपडत जाता येते. उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी पट्टा कंबरेच्या खाली घट्ट असावा आणि पायांत पादत्राणे असावीत. बाहेर पडण्याची सूचना होताच वरच्या कप्प्यातील पिशवीला हात लावू नये. एका माणसाने पिशवी काढण्यासाठी घेतलेले चार क्षण त्याच्या मागे उभ्या असलेल्यांच्या हिशेबातून वजा होतात. दागिने, रोकड किंवा हिशेबाची कागदपत्रे यांसाठी मागे वळणे हे तर आपल्या समाजात विशेष सांगून टाळायला हवे.

पेढ्यांच्या दृष्टीनेही एक विचार करावा. एकाच व्यवसायाचे सारे भागीदार, किंवा एका घरातील कर्ते भाऊ, एकाच विमानाने शक्यतो जाऊ नयेत. विम्याचे कागद, नामनिर्देशन आणि देण्याघेण्याची माहिती घरातील किमान आणखी एका व्यक्तीला, विशेषतः घरातील स्त्रियांना, ठाऊक असावी. अपघातानंतर दुःखात बुडालेल्या घराला कुलूपबंद कपाटांशी झगडावे लागू नये, एवढी काळजी आधी घेता येते.

गाठी पाठवणाऱ्या हातांसाठी

बीड रस्त्यावरच्या ट्रकवर चौकशीने दोष ठेवला नाही, तरी माल पाठवणाऱ्या प्रत्येक घरासाठी त्यातून एक विचार निघतो. आपला माल फाटकाबाहेर पडला, बिल्टी हातात आली, की आपले काम संपले असे समजण्याची रीत आहे. पुढचे वाहतूकदार पाहील. वाहतूकदार म्हणतो चालक पाहील, चालक म्हणतो रस्ता ज्यांचा ते पाहतील. चिकलठाण्याला नेमकी अशीच एक साखळी मोकळी राहिली होती. फरक एवढाच की तेथे ती विमानतळाच्या यंत्रणेतील होती.

कायदा आता या साखळीतील प्रत्येक कडी पकडतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर, उंचीत, रुंदीत किंवा मागे-पुढे मर्यादेबाहेर आलेल्या मालासाठी वीस हजार रुपये दंड आहे. अतिभारासाठी वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये. हा दंड गाडी चालवणाऱ्याला तर लागू आहेच, तसाच तशी गाडी चालवायला लावणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्यालाही आहे. गाठींचा एक थर जास्त चढवा असे ज्याने हमालांना सांगितले, तो या शब्दांच्या बाहेर राहत नाही.

दंडापलीकडचा विचार त्याहून मोठा आहे. कळंबहून यवतमाळ, वर्धा किंवा नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर शाळा सुटलेली मुले असतात, लोंबकळणाऱ्या वीजतारा असतात, पूल आणि रेल्वेचे छेदमार्ग असतात. ट्रकमधील शेवटचा थर, सैल बांधलेली ताडपत्री, रात्रभर न झोपलेला चालक, घाईने दिलेली पोहोचण्याची वेळ, या प्रत्येकातून कोणाच्या तरी पस्तीस फुटांतील एखादा फूट कमी होतो. तो कोणाचा, हे माल भरताना दिसत नाही. दिसत नाही म्हणून तो हिशेबात नाही, असे मात्र होत नाही.

वजनकाट्यावर गाडी उभी असते तेव्हाच हे प्रश्न विचारता येतात. भार किती, उंची किती, चालकाची विश्रांती झाली आहे का, वाटेत कोठे फाटक किंवा खालची तार आहे का. चार प्रश्नांना दोन मिनिटे लागतात. चिकलठाण्याच्या रस्त्यावर विमानाच्या वेळी एखाद्या पहारेकऱ्याने ट्रक थांबवला असता, तर त्यालाही त्याहून अधिक वेळ लागला नसता.